खजुराचं गाव राहिलं, अक्का

अक्का, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. आपल्या लिंगायतांत नेतात तसं तुम्हाला बसवूनच नेलं. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, गळ्यात हार, हातात इष्टलिंग. गाडी सात रस्त्यावरून वळली तेव्हा मी मागच्या जीपमध्ये होते आणि मला तुमची नुसती पाठ दिसत होती. हीच पाठ मी दोन वर्षांपूर्वी तीन दिवस बघितली होती, मेक्सिकोच्या वाळवंटात, तुमच्या गिरिजाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. तेव्हा तुम्ही थोड्या थोड्या वेळानं मान वळवून विचारायचा, "कमल, हायस का गं?" त्या दिवशीही मी वाट बघत होते की आता वळतील आणि विचारतील. रुद्रभूमी आली तरी माझं तेच चाललं होतं.

भेटायला येणारे तुमच्या खानावळीबद्दल बोलतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी, तुमच्या हाताची चव. मी मान हलवते, चहा पुढं करते. पण मला तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे आणि ती तुमच्या भावाला, म्हणजे यांनासुद्धा सांगता आलेली नाही, म्हणून लिहायला बसले. त्या दिवशी वाळवंटात माझ्या छातीत दुखत नव्हतं. जराही नाही. मी भ्याले होते म्हणून छातीवर हात ठेवला. माझ्यासाठी तुम्ही गाडी मागं फिरवलीत, आणि तुम्हाला पोचायचं होतं ते खजुराचं गाव राहून गेलं. आता तुमच्याच छातीनं दगा दिला. खोटं दुखणं काढू नये, ते खरं होऊन येतं, असं माझ्या माहेरी म्हणायचे. ते माझ्याकडं यायचं सोडून तुमच्याकडं आलं की काय, या विचारानं सोळा दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

माझी भीती काही नवी नाही. लिफ्टची, कुत्र्याची, फोडणीच्या तेलाची. सात रस्ता ओलांडताना मी अजून कुणाच्या तरी पाठीआडून जाते. लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्यांनी बजावलं होतं, थोरली नणंद आहे, एकटी बाई आहे, खानावळ चालवते, जिभेची तिखट आहे, जपून राहा. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला चुलीपुढं बसवलंत आणि चाळीस भाकऱ्या थापायला लावल्यात. तिसऱ्या भाकरीला हात पोळला, मी रडायला लागले. तुम्ही माझा हात पाण्यात धरलात आणि म्हणालात, "अंजब्याड." दुधनीच्या सासरानं तुम्हाला कानडी दिली होती. भिऊ नको म्हणायची वेळ आली की तुम्हाला मराठी पुरायची नाही.

तुमची लेक गिरिजा तिकडं अमेरिकेत, सॅन डिएगोला. तिथून मेक्सिकोची हद्द म्हणजे आपल्याला मंद्रूप, अर्ध्या तासाची वाट. आपण दोघी दोन महिन्यांसाठी गेलो आणि तिनं फोनवर एक फोटो दाखवला. चहूकडं उजाड माळ, दगड, काटे, आणि मधोमध खजुराचं हिरवं बन, त्यातून वाहणारं पाणी. सान इग्नासिओ असं काहीतरी गावाचं नाव. तुम्ही फोन हातात घेऊन बराच वेळ बघत बसलात. "चारी बाजूंनी काय न्हाय आनि मदी पानी," म्हणालात. "गिरिजे, मला तितं ने. पान्याच्या कडंला बसून एक भाकरी खाते, बास." गिरिजा म्हणाली दोन दिवस जायला, दोन दिवस यायला, रस्ता वाळवंटातला, अरुंद, खाण्याची राहण्याची ठिकाणं मोजकी. मी लगेच म्हटलं, मी घरीच थांबते. यांना सोलापूरला फोन लावला, वाटलं आपला नवरा तरी आपल्या बाजूनं बोलेल. हे म्हणाले, "जा की! अक्का बरोबर असली की माणूस यमाच्या दारातनंसुद्धा जेवून परत येतं."

पहिल्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून बसले होते आणि तुम्ही जत्रेला निघाल्यासारख्या. पायाशी कडक भाकऱ्यांचा डबा, पिशवीत चटणी, पर्समध्ये विभूतीचे दोन गोळे.

खानावळवाली परमुलखात गेली तरी खानावळवालीच. कुठं जेवायचं हे गिरिजा फोनमध्ये शोधायची, किती चांदण्या, किती लोकांनी चांगलं म्हटलंय. तुम्ही म्हणायचा, ते ठेव बाजूला, भांडी कुटं घासत्यात ते बघू. पाटी चांगली असली तर ती रंगाऱ्याची करामत. पाणी झाकलेलं आहे का, फडकं कशाला वापरतात, आणि शिजवणारी बाई स्वतः तिथं जेवते का, एवढं बघितलं की झालं. समुद्राकाठच्या रस्त्यावर पहिल्या टपरीपाशी थांबलो तर तुम्ही थेट स्वयंपाकघरात. ती बाई डाव हातात धरून बघतच राहिली. मी गाडीत, दारं लॉक करून. काचेतून मला दिसलं की तुम्ही राजम्यासारख्या उसळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलंत, वास घेतलात, मग बोटानं स्वतःचं नाक वर दाबलंत आणि डुकरासारखा आवाज काढलात. ती बाई हसून हसून ओट्याला टेकली, पण मानेनं हो म्हणत होती. चरबी होती. डुकराची. त्या मुलखात उसळीला ती घालतातच. सगळ्यांनी चांदण्या दिलेल्या जागी आपलं सोवळंओवळं पार बुडालं असतं.

मग तुम्ही पलीकडच्या पातेल्यावर बोट ठेवलंत, नुसत्या उकडलेल्या बियांवर. मीठ, कांदा, हिरवी मिरची मागून घेतलीत, मक्याच्या भाकऱ्या घेतल्यात. त्या बाईनं निवडुंगाची भाजी वाढली. आपल्याकडं बांधाला असतो तो फड्या निवडुंग, काटे तासून, चिरून, कांद्यावर परतलेला. "आपन ह्याला कुंपन म्हनतो, हे जेवन म्हनत्यात," म्हणत तुम्ही दोनदा घेतलीत. भेंडीसारखी बुळबुळीत होती, पण चांगली होती, आता कबूल करते. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. निघताना तुम्ही तिला मूठभर शेंगाची चटणी दिलीत. ती खोकली, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढं केला. गिरिजानं तुम्हाला दोन शब्द शिकवले, सिन मान्तेका, म्हणजे चरबी न घालता. पुढं प्रत्येक टपरीवर तुम्ही ते नमस्कारासारखे म्हणत आत शिरायचा.

मुक्कामाचीही तीच तऱ्हा. रस्त्याकडची खोली नको, ट्रक झोपू देत नाहीत. आधी नळ सोडून बघायचा, मग गादी उलटून. आणि मालकीण कुठं झोपते ते विचारायचं. ती तिथंच राहत असेल तर राहायचं, कुलूप लावून घरी जात असेल तर नाही. पहिल्या मुक्कामाला चार कुत्री पाळणारी एक म्हातारी होती, तुम्ही तिला पास केलंत. मी खोलीच्या दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग, बॅगेवर दुसरी बॅग. तुम्ही केस विंचरत बघत होता. "कमल, चोर आला तर बॅगा पडतील आनि तू आरडशील. तो बिचारा हितंच मरंल की भिऊन." मला तेव्हा राग आला होता. आज ते आठवून हसू आलं, आणि लगेच वाटलं, आता माझ्या खुर्च्या-बॅगांना हसणारं कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एल रोसारिओ नावाच्या गावात गिरिजानं टाकी गच्च भरली. पुढं कित्येक तास पंप नाही म्हणाली. मग फोनची रेंज गेली. रस्ता म्हणजे आपल्या अक्कलकोट रोडच्या निम्मा, कडेला पाय ठेवायलाही जागा नाही, आणि समोरून ट्रक. दोन्ही बाजूंना घराएवढे दगड, दोन माणसांएवढे निवडुंग, आणि ती उलट्या लावलेल्या मुळ्यासारखी उंच झाडं. तुम्ही म्हणत होता, काय गं ही झाडं, देवानं घाईत लावलेली दिसत्यात. माझी नजर झाडांवर नव्हती, पेट्रोलच्या काट्यावर होती.

आणि मग नाका आला. रस्त्यात रेतीची पोती आणि बंदुका घेतलेले जवान. उतरा म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. बातम्यांत ऐकलेलं सगळं एकदम आठवलं. एका जवानानं तुमची पर्स उघडली आणि विभूतीचे दोन पांढरे गोळे बाहेर काढले. अक्का, नशेची पूड शोधणाऱ्या नाक्यावर पांढरे गोळे घेऊन जाणाऱ्या बायका जगात आपण दोघीच असू. तो गोळा नाकाशी नेऊन वास घेत होता, दुसरा वायरलेसवर कुणाशी तरी बोलायला लागला, गिरिजाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सोलापूर काही दिसत नाही. तुम्ही शांतपणे त्याच्या हातातला गोळा घेतलात, तीन बोटं घासलीत, कपाळावर ओढलीत. मग माझ्या कपाळावर. मग त्याच्याकडं बघून हात पुढं केलात. त्यानं टोपी मागं सारली आणि तो वाकला. तुम्ही त्याला लावलीत. त्यानं स्वतःच्या छातीवर क्रूस काढला. त्यांच्यातही वर्षातून एकदा कपाळाला राख लावतात, हे गिरिजानं नंतर सांगितलं. जाताना तो तुम्हाला हात करत होता.

तुमच्यासाठी ती गंमत होती, सोलापूरला आल्यावर तुम्ही ती पंगतीत रंगवून सांगितलीत. माझ्या अंगातली उरलीसुरली हिंमत मात्र त्या नाक्यावर सांडली.

पुढची वस्ती म्हणजे दहा-बारा घरं. एक माणूस पिंपातून नळीनं पेट्रोल काढून विकत होता. शेजारच्या घरात एक एकटी बाई जेवण करायची आणि एक खोली भाड्यानं द्यायची. तुम्ही आत जाऊन आलात आणि तुमचा चेहरा उजळलेला. "हितंच ऱ्हायचं. बघ, तिनं एक ताट झाकून ठेवलंय." खानावळीत तुमचा नेम होता, जेवणवेळ संपली, चूल विझवली तरी एक ताट झाकून ठेवायचं. उशिरा कुणी येईल म्हणून. कुणी आलंच नाही तर दुसऱ्या दिवशी गाईला. तुमच्या सासूचा नेम, तुम्ही तीस वर्षं मोडला नाहीत. हजारो मैलांवर तसंच झाकलेलं ताट दिसल्यावर तुम्हाला वाटलं, आपण दुधनीला आलो. "झाकलेलं ताट असतंय तितं भ्यायचं न्हाय," म्हणालात. "हितं ऱ्हाऊ, सकाळी निघालं की दुपारी खजुराच्या गावात."

मी खोली बघितली. स्वच्छ होती, गादीवर विणलेली चादर. पण दाराला कडी नव्हती. आतून नाही, बाहेरून नाही, दार लोटून एक दगड लावायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, मला तो त्या दगडावर बसलेला दिसला. त्या खोलीत झोपायचं, आणि सकाळी उठून आणखी पुढं जायचं, जिथं फोन नाही, पंप नाही, बंदुका आहेत. मी बाहेर आले. तुम्ही डबा उघडत होता. मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अक्का, मला इथं दुखायला लागलंय."

तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत की खरंच का. डबा बंद केलात. गिरिजाला म्हणालात, गाडी फिरव, मागच्या गावात डॉक्टर असंल. ती बाई धावत आली, आणि झाकलेलं ताट फडक्यात बांधून गाडीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवून गेली. बटाटा, मिरची आणि मक्याच्या भाकऱ्या. गाडी उलट्या दिशेनं धावायला लागली तसा माझा जीव भांड्यात पडला आणि मला सपाटून भूक लागली. सकाळपासून भीतीनं काही गेलं नव्हतं. मी खाल्लं. सगळं खाल्लं, शेवटी भाकरीनं ताट पुसून घेतलं. तुम्ही वळून "कमल, हायस का?" विचारलंत तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तुम्ही बघितलंत आणि पुन्हा पुढं बघायला लागलात. मला वाटलं, सुटले.

एल रोसारिओच्या दवाखान्यात माझा दाब बघितला, ठीक म्हणाले. दुसऱ्या दिवशी आपण परत फिरलो. खजुराच्या गावाबद्दल तुम्ही एकदाच बोललात. "ऱ्हाऊ दे, गाव काय पळून जात न्हाय." सोलापूरला आल्यावर मात्र तुम्ही माझी पाठ सोडली नाहीत. मला डॉक्टरांकडं नेलंत, ईसीजी काढायला लावलात. मी आत पलंगावर, अंगाला वायरी, आणि तुम्ही बाहेर बाकावर माझ्या बांगड्या ओच्यात घेऊन. माझं सगळं ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या ताईंचाही एकदा काढून ठेवू या वयाला. तुम्ही उठलातसुद्धा. "मला काय झालंय? माझी भाकरीची येळ झाली."

इथंच माझा आणि तुमचा वाद आहे, अक्का, आणि तो आता एकतर्फीच चालणार. त्या दिवशी मी तुमचा हात धरून बसवलं असतं तर? म्हटलं असतं, माझं खोटं होतं, मला काही झालेलं नाही, ही वायर तुम्हाला लावा? मी कबुलीला भ्याले. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही भाकरी थापता थापता थांबायचा, डावा खांदा भिंतीला टेकवायचा. मी बघत होते. एकदा विचारलं, तुम्ही म्हणालात, पिठाचं पोतं उचललं, दुसरं काय. मला ते पटलं नव्हतं. पण पुन्हा विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली. वाळवंटात माझ्या भीतीनं तुमचं गाव घालवलं, आणि घरात बसून तिनं काय घालवलं ते आता सगळ्यांसमोर आहे. सकाळी अकरा वाजता, तव्यावर भाकरी फुगलेली, तुम्ही पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकलात. मी म्हटलं, अक्का, भाकरी करपतीय. दोनदा म्हटलं.

तुमच्यावर रागही येतो. दुसऱ्यांची पातेली उघडून बघणारी बाई, स्वतःचं झाकण काढू दिलं नाहीत.

परवा तुमचं कपाट आवरलं. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा जाणार होतो, तिकिटं काढलेली, तुमची प्रवासाची पिशवी तयार होती. पासपोर्ट, विभूती, आणि खानावळीच्या कागदांच्या कोऱ्या बाजूला तुमची यादी. पहिली टपरी, उसळ नको, निवडुंग घेणे, तिला चटणी नेणे. चार कुत्र्यांची म्हातारी, मागची खोली मागणे, गरम पाणी सकाळीच येतं. नाका, विभूती वर ठेवणे, पर्समध्ये लपवल्यासारखी नको. झाकल्या ताटाची बाई, मुक्काम, एक कडी आणि चार स्क्रू नेणे. अक्का, पिशवीत खरोखर कडी होती. पितळी, कागदात गुंडाळलेली, बरोबर स्क्रू आणि छोटा स्क्रूड्रायव्हर. आणि यादीच्या शेवटी, नीट घडी घातलेला, माझा ईसीजी. त्याच्या पाठीवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, "कमलचं काळीज. चांगलं आहे. बरोबर घेणे."

मी खाली फरशीवर बसले. कडी हातात, कागद मांडीवर.

गिरिजा दिवसकार्य उरकून परत गेलीय. काल तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं ती म्हणेल, मामी, तुमच्यामुळं आईचं राहिलं. पण ती म्हणाली, "मामी, आईला तेव्हाच कळलं होतं. दवाखान्याबाहेर मला म्हणाली, छातीत दुखनारी बाई ताट पुसून खात न्हाय. भ्याली हाय ती. भ्यालेल्या मानसाला वढून न्यायचं नसतंय." मी विचारलं, मग ईसीजी कशाला? तर तुम्ही म्हणे तिला सांगितलं होतं, कागद हातात असला की पुढच्या येळंला हिला कारन उरनार न्हाय.

दोन वर्षं तुम्ही मला ताकास तूर लागू दिली नाहीत. बाकावर माझ्या बांगड्या घेऊन बसलात, तोंडावर काळजी, आणि पोटात हे. मी फोनवर हसले आणि तसंच रडू फुटलं, गिरिजाही तिकडं रडत होती. मग ती म्हणाली, "तुमचं तिकीट तसंच आहे, मामी. याल?"

अक्का, तुम्ही असताना तो रस्ता मला झेपला नाही. आता तुम्ही नाही, नाक्यावर विभूती लावणारं कुणी नाही, पातेलं उघडून बघणारं कुणी नाही. आणि मी छातीवर हात ठेवला तर गाडी फिरवणारंही कुणी नाही. तुम्ही कडीनं माझं खरं कारण काढून घेतलंत आणि ईसीजीनं खोटं. मी गिरिजाला म्हटलं, एका अटीवर येते. आधी तू तुझं काळीज तपासून घे. उद्याच्या उद्या. मला कागदाचा फोटो पाठव, त्याशिवाय मी विमानात बसणार नाही. ती म्हणाली, मला काय झालंय? मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर एवढी ओरडले, बाहेरच्या खोलीतून तुमचा भाऊ धावत आला. त्यालाही उद्या नेणार आहे. आज सकाळी तिचा फोटो आला, सगळं ठीक आहे.

तेव्हा मी जातेय. भीती गेलेली नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू. आज मंगळवार पेठेत बॅगेला कुलूप घ्यायला गेले आणि दोन घेऊन आले. भाकऱ्या मी स्वतः थापून बघितल्या, तुमच्यासारख्या पातळ नाही झाल्या, पण कडक झाल्या आहेत. निघायच्या दिवसापासून खानावळीत ताट झाकून ठेवायचं मी यांना समजावलंय. कडी आणि स्क्रू त्या बाईला देईन आणि सांगेन, अक्कानं पाठवलीय. तिला कळेल कसं, ते तिथं गेल्यावर बघू, तुम्ही नाक दाबून डुक्कर समजावलंत तर मला एक माणूस समजावता येईल.

गिरिजा म्हणते, मामी, या वेळी पुढं बसायचं. बसेन. ट्रक अंगावर येतील तेव्हा डोळे मिटेन, पण पुढंच बसेन. खजुराच्या गावात पाण्याच्या कडेला तुमची भाकरी खाईन. आणि त्या रस्त्यावर, तो दगडांचा माळ लागला की, मी एकदा मान वळवून मागच्या सीटकडं बघणार आहे आणि विचारणार आहे, अक्का, हायसा का?